पावलांचा अनुशेष

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि मला त्याची सवय आहे. एका सरकारी खात्यात (नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते) मी चौतीस वर्षं प्रगती अहवाल लिहिले. त्यांवरही कोणाचा बसला नव्हता. तरी सांगतो. यंदाच्या मे महिन्यात औरंगपुऱ्याच्या बाजारातल्या स्मार्टवॉचचा भाव मी एकट्यानं पाडला. दुकान माझं नाही, कंपनी माझी नाही. नुसत्या तोंडानं पाडला. आणि पडलेला भाव पुन्हा मीच उचलून जागेवर ठेवला, तोही पायानं.

काल रविवारी संध्याकाळी कॉलनीतल्या लिंबाखालच्या बाकावर ही हकिकत मी पहिल्यांदा सांगितली. ऐकायला कोण होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढं साक्षीदार शोधत बसायला नको. एक कडुबा. हा मूळचा देवगाव रंगारीचा, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं कारण त्याच्या मते ‘बेरिंग’. दुसरे काकासाहेब. बाजार समितीत लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळं घरात मीठ मागतात तेही तीन गल्ल्यांना ऐकू जातं. तिसरी समोरच्या घरातली करुणा. ती लॅबमध्ये रक्त तपासते. सगळ्या कॉलनीची साखर तिला पाठ आहे, त्यामुळं लग्नात जिलेबीच्या टेबलापाशी ती दिसली की आमच्या वयाची माणसं पुलावाकडं वळतात. आणि बाकासमोरच आमच्या घराची पायरी, तिच्यावर चिंचा फोडत बसलेली आमची सौभाग्यवती आवडाबाई. तिच्या शेजारी आमची मुलगी मंजुषा, शनिवारी पुण्याहून आलेली, हातात फोन.

तर सुरुवात माझ्या साखरेपासून झाली. करुणानं उपाशीपोटी रक्त काढलं आणि आकडा निघाला एकशे नव्वद. मी तो घरात कोणाला सांगणार नव्हतो. पण हल्ली रिपोर्ट माणसाच्या हातात पडण्याआधी मुलांच्या फोनवर पडतो. मी घरी पोचून चप्पल काढतोय तोच पुण्याचा फोन वाजला.

"बाबा, पंधरा दिवस," मंजुषा म्हणाली. "रोज पाच हजार पावलं. पंधरा दिवस झाले की पुन्हा तपासणी. साखर उतरली तर राहा तिथंच. नाहीतर मी येते आणि दोघांना पुण्याला घेऊन जाते. कायमचं."

आता पुण्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. पण मंजुषाचं घर चौदाव्या मजल्यावर. मी दिवाळीत आठ दिवस राहून आलोय. तिथं लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडं बघत नाहीत, आकड्यांकडं बघतात. आठ दिवसांत माझी एक गोष्ट कोणी पुरी ऐकली नाही. शेवटी गेटवरच्या वॉचमनला सांगायला घेतली, तर तो म्हणाला, "सर, जे काय असेल ते रजिस्टरमध्ये लिहा." गोष्ट सांगणाऱ्या माणसाला चौदाव्या मजल्यावर ठेवणं म्हणजे म्हशीला कपाटात बांधण्यासारखं आहे. हा बाक, हा लिंब, हे दोनतीन रिकामटेकडे, एवढ्यावर मी जगतो. ते जाणार म्हटल्यावर मी घाबरलो. साखरेनं घाबरलो नव्हतो इतका.

"पावलं मोजणार कोण?" मी विचारलं.

"घड्याळ. तुमच्या हातात घड्याळ, माझ्या फोनवर आकडा. मागवून पाठवते इथून."

इथं माझी इज्जत आडवी आली. मुलीनं पाठवलेलं घड्याळ घालायचं आणि तिनं तिकडून मोजायचं म्हणजे जनावराच्या कानात बिल्ला मारतात त्यातला प्रकार. मी ठणकावून सांगितलं, "माझं घड्याळ मी घेईन. माझ्या पेन्शनीतून, औरंगपुऱ्यातून, घासाघीस करून."

औरंगपुऱ्यात करुणाच्या भावाचं, संघपालचं, मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे. गेलो. काचेवर माझ्या उंचीचा लाल कागद: सत्तर टक्के सूट. खाली घड्याळ, पाच हजार नऊशे नव्व्याण्णववर आडवी रेघ, त्याखाली सतराशे नव्व्याण्णव.

मी चरकलो. "संघपाल," मी आवाज खाली आणून विचारलं, "काय झालं रे? कोणी घेईना का?"

"नाय काका, ऑफर हाय. सीझनची."

"कसला सीझन?"

"लग्नसराई."

"लग्नसराईत भाव चढतात रे बाबा. सोनं बघ, मंडप बघ. बँडवाल्याला सत्तर टक्के सूट मागून बघ, तो तुलाच वाजवील."

संघपाल इमानी पोरगा. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कबूल केलं, "काका, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. जुना माल काढायचा हाय."

एवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात रविवारचा बाजार उभा राहिला.

आमच्या घरात चाळीस वर्षं भाजी येते ती उठत्या बाजारातली. सकाळी बाजारात जातात ते नवखे. जाणता माणूस दिवेलागणीला जातो, जेव्हा भाजीवाला एकदा उरलेल्या मेथीकडं बघतो आणि एकदा हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोकडं. त्या वेळी फक्त जुडीकडं न बघता उभं राहायचं. वीसची जुडी आपोआप वीसला तीन होते. आवडाबाई म्हणते, ती भाजी कोमेजलेली असते. मी म्हणतो, तिला अनुभव असतो. तर संघपालच्या तोंडावर मला तोच टेम्पोवाला भाव दिसला. म्हटलं, हा बाजार उठतोय. आज घेईल तो खुळा.

"उद्या येतो," म्हणालो आणि परतलो. जाताना रिक्षावाल्यानं पन्नास मागितले होते. घड्याळाचे पैसे वाचवायला निघालेल्या माणसानं रिक्षाला पन्नास घालणं मला पटेना, म्हणून आमच्या उस्मानपुऱ्यातून पायीच गेलो होतो आणि पायीच आलो.

संध्याकाळी बाकावर विषय टाकला. सत्तर टक्के सूट म्हणजे नेमकं काय समजायचं? लोकांना घड्याळ नकोय असं?

"आवक!" काकासाहेब पुकारले. झाडावरचे कावळे उठले. "आवक जास्त झाली की भाव पडतो. गिऱ्हाईकाचा काही संबंध नाही."

"माल खराब असनार," कडुबा म्हणाला. "आतलं बेरिंग गेलेलं असतंय. वरून चकाचक."

करुणा लॅबमधून येत होती, ती थांबली. "काका, सूट बिट काही नसते. सहा हजारला ते घड्याळ कधी कोणी विकलंच नाही. रेघ मारता यावी म्हणून तो आकडा छापतात. सतराशे हाच त्याचा भाव."

"तू दुकानदाराची बहीण," मी म्हणालो, "तुझी साक्ष ग्राह्य नाही." आणि माझा निकाल दिला: सूट म्हणजे गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही म्हणजे सूट अजून वाढणार. तेव्हा कोणीही घेऊ नका. थांबा.

आता निवृत्त माणसाचं बोलणं घरात कोणी मनावर घेत नाही, पण ‘थांबा’ म्हटलं की सगळी कॉलनी ऐकते. सरूबाई आमच्याकडं योगासनांचं मंडळ चालवतात. मंडळातल्या बावीस बायकांनी एकाच रंगाची बावीस घड्याळं घ्यायचं ठरवलं होतं. सरूबाईंनी मला गाठलं. "तात्यासाहेब, घ्यावं का आत्ता?" मी डोळे बारीक करून क्षितिजाकडं बघितलं. क्षितिजावर पाण्याची टाकी होती. "थांबा," मी म्हणालो. बावीस बायका थांबल्या. त्यांच्या जावा थांबल्या, जावांच्या भावजया थांबल्या. दुसऱ्या दिवशी संघपालच्या दुकानात मी एकटाच होतो, आणि मी तर न घ्यायला आलो होतो.

भाव सोळाशे नव्व्याण्णव.

तुम्हाला सांगतो, आपलं भाकीत डोळ्यांदेखत खरं होण्यासारखी दुसरी नशा नाही. मग मी रोज दोनदा जायला लागलो. सकाळी ऊन तापायच्या आत एकदा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकदा. उस्मानपुरा, क्रांती चौक, पैठण गेट, औरंगपुरा. आणि तसंच उलट. समोरच्या रसवंतीपाशी उभा राहायचो, रस घ्यायचा नाही (साखर), आणि नुसता काचेकडं बघायचो. पंधराशे झाले. तेराशे झाले. मी दिसलो की संघपाल आत जाऊन स्टूलवर बसायचा.

एकदा तो बाहेर आलाच. "काका, हात जोडतो. लोकांना घड्याळ नको असं नाय. सगळ्यांना पायजे. फक्त उद्याच्या भावानं पायजे."

"म्हणजे मागणी कमीच की."

"मागणी लई हाय काका. दुकानाच्या आत येईना एवढंच."

हे वाक्य मला शास्त्रीयदृष्ट्या कच्चं वाटलं. म्हटलं, आपण पाहणीच करू. घरी जाऊन वही आखली. रकाने असे: नाव, मनगट डावं की उजवं, घड्याळ आहे किंवा नाही, चालू किंवा बंद, शेरा. आणि तीन दिवस दारोदार फिरलो. एका घरात मला जनगणनेचा समजून चहा दिला, दुसऱ्यात वसुलीचा समजून ‘साहेब घरात नाहीत’ म्हणून साहेबांनीच सांगितलं.

निष्कर्ष ऐका. घरं एक्केचाळीस. घड्याळं सत्तावन्न. पैकी चालू नऊ. बाकीची कपाटात, फ्रिजवर, शोकेसमध्ये, चार्जिंगविना गतप्राण. कुणाला कंपनीनं दिवाळीला दिलं, कुणाला सासऱ्यानं. काकासाहेबांकडं तीन निघाली. एक जावयाचं, एक पतसंस्थेच्या सभेतलं, आणि तिसरं देव्हाऱ्यात, कारण हात जवळ नेला की त्याचा दिवा लागतो. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या मुक्ताबाईकडंही दोन होती. दोन मालकिणींनी जुनी झाली म्हणून दिलेली. "घालत का नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "आवो, भांडी घासाया लागले की ते मला म्हनतंय, शाब्बास, आजचं चालनं झालं. मग बाकीची दोन घरं कोन करनार?"

"आवक!" काकासाहेब विजयानं पुकारले. "मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं?"

या शास्त्रात दहा दिवस गेले. मधून मधून पुण्याचा फोन यायचाच.

"बाबा, माझ्याकडं आकडा दिसत नाहीये."

"भाव उतरतोय."

"बाबा, दहा दिवस गेले! पाच राहिले!"

मी फोन ठेवला आणि कॅलेंडरपुढं जाऊन उभा राहिलो. संशोधनाच्या नादात मी मूळ फाईल विसरलो होतो. त्याच संध्याकाळी करुणानं मला गेटपाशी अडवलं. "काका, माझा भाऊ तुम्हाला लांबून बघितलं की शटर अर्धं ओढतो. बावीस बायकांची ऑर्डर गेली त्याची. तुम्ही मागणी मोजताय का मारताय?"

मी काही बोललो नाही. बोललो नाही असा माझ्या आयुष्यातला तो दुसरा प्रसंग. पहिला लग्नात, अंतरपाट धरला होता तेव्हा.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, भाव आठशे नव्व्याण्णव झाला आणि मी दुकानात शिरलो. सवयीनं तोंडातून गेलं, "साडेसातशेला..."

"काका," संघपाल म्हणाला, "फुकट घ्या. पण उद्यापास्नं येऊ नका."

हा घाव वर्मी लागला. मी नऊशे मोजून दिले, वरचा एक रुपया परत घेतला नाही. माणसाला काही मान असतो.

घरी येऊन घड्याळ फोनला जोडायला घेतलं. त्यानं जन्मतारीख विचारली. मी टाकली, एक जून. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांची एक जूनच टाकायचे. कडुबाची एक जून, काकासाहेबांची एक जून, या बाकावर बसलेल्या समस्त पुरुषांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. घड्याळाला हे मान्य होतं. पण मग त्यानं एक नंबर पाठवला, आणि तो गेला पुण्याला, कारण माझ्या सगळ्या कागदांवर मंजुषाचाच मोबाईल. मी पुण्याला फोन केला, ती मीटिंगमध्ये. तिनं फोन केला, तोवर नंबर शिळा. असं चारदा. चौतीस वर्षं मी लोकांना ‘उद्या या’ म्हणत आलो; त्या संध्याकाळी एवढ्याशा घड्याळानं ते सगळं व्याजासकट फेडून घेतलं.

जोडलं एकदाचं. आता हिशोब बघा. पंधरा दिवसांची पावलं पंचाहत्तर हजार. दिवस गेले अकरा, पावलं शून्य. दिवस राहिले चार. दुसरा कोणी असता तर बॅगा भरायला घेतल्या असत्या. पण मराठवाड्याच्या माणसाला अनुशेष नवा नाही, आणि सरकारी माणसाला मार्चअखेर नवी नाही. आमच्याकडं अकरा महिने कागद हलायचा नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाचं उद्दिष्ट पुरं व्हायचं. मी ठरवलं, ही माझी मार्चअखेर. पावलांचा अनुशेष एका दमात भरून काढायचा.

बुधवारी पहाटे घड्याळ बांधलं आणि मी खुलताबादला निघालो. पायी.

"खुलताबादला?" काल बाकावर कडुबानं सुपारी कातरणं थांबवलं. "पंचवीस किलोमीटर हाय तात्या. मे महिन्यात?"

"मधे बोलू नकोस," मी म्हणालो. "पहाटे मे महिना नसतो."

नगर नाका कधी मागं पडला कळलं नाही. शरणापूरला सूर्य वर आला, तोवर माझी चाल अशी लागली होती की सायकलवाले मला बाजू देत होते. दौलताबादला किल्ल्याखाली उसाच्या रसाकडं बघितलं, घेतला नाही. पुढं घाट. घाटात एक कांद्याचा टेम्पो अडून पडला होता. ड्रायव्हर म्हणाला, "काका, जरा हात लावता का?" मी हात लावला. टेम्पो निघाला तो असा की मला त्याच्या मागं धावावं लागलं, कारण हात काढायचा राहिला होता. वरच्या वळणावर घड्याळ थरथरलं. आवडाबाईच्या शेजारणीचं घड्याळ बसल्या बसल्या ‘उठा, चाला’ म्हणून थरथरतं. माझं थरथरलं आणि त्यावर आलं, ‘आता बसा’.

"लेखी आलं?" काकासाहेबांनी विचारलं.

"लेखी. निळ्या अक्षरात."

खुलताबादेत पोचलो तर एका मंडपात लग्न. पण वधूपिता कोपऱ्यात खुर्चीवर कपाळाला हात लावून बसलेला. विचारलं, काय झालं? म्हणाला, "पाव्हणं, दोनशे मानकरी हायेत. टॉवेल-टोपी आणलीय. पण आजकालची पोरं टोपी खुर्चीवरच ठेवून जातात. मागच्या लग्नात सव्वाशे टोप्या परत गोळा केल्या. इज्जतीचा पंचनामा व्हतो." मी फक्त डावी बाही वर केली. घड्याळावर उन्हाची तिरीप पडली. त्या माणसाच्या तोंडावर जो उजेड पडला तो तिरिपीचा होता की कसला ते मला सांगता येणार नाही. दहा मिनिटांत संघपालला फोन, तासाभरात दोनशे घड्याळं गाडीत. संध्याकाळपर्यंत दोनशे मनगटांवर खुलताबादेत दिवे लागले.

आता यातली गंमत बघा. गुरुवारी सकाळी संघपालनं काचेवरचा लाल कागद काढला आणि भाव लावला, सतराशे नव्व्याण्णव. ही बातमी कॉलनीत पोचली तशा सरूबाई धावत आल्या. "तात्यासाहेब, भाव चढायला लागला! आता किती जाईल?" मी पुन्हा पाण्याच्या टाकीकडं बघितलं. "सांगता येत नाही," म्हणालो. त्या दुपारी, बेचाळीस डिग्री उन्हात, बावीस बायका तीनतीनच्या गटानं रिक्षा करून गेल्या आणि सतराशे नव्व्याण्णवला बावीस घड्याळं घेऊन आल्या. आठशे नव्व्याण्णवला ज्यांना नको होतं त्याच! म्हणून तुम्हाला सांगतो, सूट बघून मागणी नाही असं समजू नका. भाव उतरतो तेव्हा लोक दुकानदाराच्या तोंडाकडं बघत उभे राहतात, चढतो तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडं बघून धावतात. माझ्या वहीत ‘शेरा’ या रकान्यात मी हे लिहून ठेवलंय.

राहता राहिला माझा अनुशेष. बुधवार ते शनिवार, चार दिवस मिळून अठ्ठेचाळीस हजार पावलं. उद्दिष्टाच्या चौसष्ट टक्के. आमच्या खात्यात चौसष्ट टक्क्यांना साहेबाचा सत्कार व्हायचा. तरी शनिवारी संध्याकाळी मंजुषा रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या हातातल्या मोठ्या रिकाम्या बॅगा मला दिसल्या, आणि रात्रभर त्या बॅगांत काय काय मावेल याचा मी विचार करत राहिलो. बाक मावणार नव्हता.

रविवारी सकाळी करुणा घरी येऊन रक्त घेऊन गेली. अकरा वाजता मंजुषाचा फोन वाजला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं न बघता आईला म्हणाली, "आई, एकशे बारा. बॅगांत चिंचा आणि कुरडया भर. पुणं रद्द."

मी उठलो आणि बाकावर येऊन बसलो. भर उन्हात. लिंबोळ्या टपटप पडत होत्या, एक माझ्या टकलावर पडली. मी तिला रागावलो नाही. छातीवरून मालगाडी उतरल्यासारखं वाटत होतं, एकेक डबा.

तर अशी ही हकिकत. काल संध्याकाळी ती मी इथपर्यंत आणली आणि मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असा हात बाकाच्या पाठीवर टाकला. कडुबा सुपारी कातरायची विसरला होता. काकासाहेब गप्प होते, म्हणजे नेहमीच्या माणसासारखे दिसत होते. करुणा ओठ चावत होती. संघपालचा दोनशेचा माल खरोखरच खुलताबादच्या लग्नात गेला होता, हे तिला माहीत होतं. कसा गेला ते तिनं भावाला विचारलं नसावं अशी माझी आशा होती.

"बाबा," मंजुषा पायरीवरून म्हणाली. "तुम्ही खुलताबादला गेलात तो बुधवार ना?"

"बुधवारच."

"पंचवीस किलोमीटर म्हणजे तीसपस्तीस हजार पावलं होतात. घड्याळात बुधवारची बारा हजार आहेत."

"घाटात ते जरा गांगरलं होतं. टेम्पोमुळं."

"असेल." तिनं फोनवर बोट फिरवलं. "पहाटे साडेपाचला सुरू झालीत. मग वीस पावलं. थांबलं. वीस पावलं. थांबलं. रात्री दहापर्यंत तसंच. एकदाही सलग शंभर पावलं नाहीत. घाट वीस वीस पावलांनी चढतात का हो?"

"वीस पावलं म्हंजी," कडुबा विचार करत म्हणाला, "तुमच्या सैपाकघरातून मागच्या गॅलरीपोत्तर."

"मग साखर उतरली कशी?" काकासाहेबांनी अख्ख्या कॉलनीला विचारलं.

"ती खरी उतरलीय," करुणा म्हणाली. "रक्त मी काढलंय."

"अकरा दिवस रोज दोनदा औरंगपुऱ्याला पायी गेलेत हे," मंजुषा म्हणाली. आता ती हसत होती. "येऊन जाऊन रोजचे दहा किलोमीटर. भाव उतरला का ते बघायला. तेव्हा हातात घड्याळ नव्हतं म्हणून कोणी मोजलं नाही. आणि घड्याळ आल्यापासून... बाबा, पुणं रद्द म्हणजे रद्द, घाबरू नका. पण आई, तुझा डावा हात दाखव बरं."

मी आवडाबाईकडं बघितलं. चाळीस वर्षांचा संसार, म्हटलं, सांभाळून घेईल. तिनं चिंच ताटलीत ठेवली, हात पदराला पुसला आणि पदर कोपरापर्यंत सारला. चार दिवस मागच्या गॅलरीत उन्हात कुरडया वाळवून हात रापला होता, आणि मनगटाभोवती घड्याळाच्या पट्ट्याएवढी जागा गोरीपान राहिली होती.

"खोटं हाय सगळं," ती म्हणाली. "नव्या तव्यावर जसा चार दिवस आधी कांदा परततात, तसं नवं घड्याळ आधी बाईच्या हातानं वापरून घ्यावं लागतं म्हणाले, म्हणून मी घातलं होतं. आन् बुधवारी हे दिवसभर पंख्याखाली घोरत पडले होते."